दम्यासाठी पीक फ्लो मीटर: घ्याच घरात

आईला दमा जुना, पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, जरा धाप लागते." म्हणून डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर सांगितला, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो ते मोजणारं साधन. प्लॅस्टिकची साधी नळी, बॅटरी वगैरे काही नाही, काटा खाली आणायचा, उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावून एका दमात जोरात फुंकायचं, असं तीनदा आणि त्यातला मोठ्ठा आकडा वहीत लिहायचा, सरासरी नाही काढायची. तब्येत चांगली असतानाचा बेस्ट आकडा धरायचा, आईचा 320. त्याच्या 80 टक्क्यांच्या वर हिरवा, 50 ते 80 पिवळा, खाली गेला की लाल, म्हणजे इमर्जन्सी औषध देऊन लगेच दवाखाना.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा खरा उपयोग कळला, आई म्हणतेय मी ठीक आहे आणि सकाळी आकडा 240, म्हणजे पिवळा! लगेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी औषध वाढवलं, ॲडमिट करायची वेळच नाही आली.

आकडे मात्र फारच बारीक छापलेत, आईला चष्म्याशिवाय दिसतच नाहीत, आणि हिरवा-पिवळा-लाल कुठे ते दाखवायच्या मीटरवरच्या रंगाच्या क्लिपा सैल आहेत. दुसऱ्या कंपनीच्या मीटरवर आकडा थोडा वेगळा येतो, त्यामुळे एकच वापरा. आणि प्लीज, आकडा छान आला म्हणून रोजचा इनहेलर बंद करू नका, त्यानेच तर तो छान येतोय.