कमरेचा पट्टा : आठ महिने वापरल्यावर

एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादीसारखी चकती नसेवर आलेली दिसली. डाव्या पोटरीत मुंग्या, मोजा चढवताना डोळ्यांत पाणी. त्याच आठवड्यात हा पट्टा मागवला.

आधी मापाचं सांगते, मी तिथेच फसले. पँटचं माप टाकलं आणि पट्टा घागऱ्यासारखा सैल आला. टेप बेंबीवरून फिरवायची, असं खोक्यावर लिहिलं होतं, पण खोका हातात येईपर्यंत उशीर झालेला. बदलून मिळाला, तीन फोन केल्यावर.

पाठीमागे चार धातूच्या पट्ट्या शिवल्यात. फळ्यापाशी उभं राहायला त्यांचा आधार उत्तम. बसलं की मात्र पुढची कड वर सरकते आणि फासळ्यांखाली रुतते. वेल्क्रोत ओढणीचे धागे, केस, काय वाट्टेल ते अडकतं. दातांच्या जुन्या ब्रशने काढावं लागतं. आणि सोडताना तो चर्रर्र आवाज! मागच्या बाकावरून त्याची नक्कल ठरलेली.

दुखणं यानं बरं होतं का? नाही. खोक्यावर 'वेदनामुक्ती' छापलंय, तिकडे बघू नका. पहिला महिना मी तो झोपतानाही काढला नाही आणि उरलेला वेळ पडून काढला. फिजिओथेरपिस्टबाईंनी आधी तोच उतरवला. मोठ्या माणसाच्या चकतीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, म्हणाल्या; आपण हललो, दाब पडला-सुटला, की तिला पोषण झिरपतं. म्हणजे मी तिला महिनाभर उपाशीच ठेवलं होतं.

आता पट्टा फक्त लांबच्या प्रवासाला आणि कपाट आवरताना. रात्रीत चकत्या पाणी धरून फुगतात, म्हणून उठल्यावर तासभर वाकत नाही, चालते. तेही पट्ट्याशिवाय. पहिल्या दिवशी ४ मिनिटांत कट्टा शोधला होता, आता ३५ मिनिटं होतात. मधे कळ येते, थांबते, शिव्या घालते, पुढे जाते.

(पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर पट्टा बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा.)

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला खोक्यावरच्या थापेसाठी, अर्धा त्या आवाजासाठी. पोरं मात्र म्हणतात, आवाजाला पूर्ण गुण द्या, मॅडम येताहेत ते आधीच कळतं.