बोली जिंकून गायब होणारे: लिलावाच्या ॲपवर विकणारी म्हणून माझे आठ महिने

तारे आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन. नुसतं विकत घ्यायचं असेल तर बिनधास्त वापरा. विकायचं असेल तर मात्र हे सगळं वाचा आणि मग ठरवा.

माझे बाबा घड्याळजी. गिरगावातलं त्यांचं दुकान बंद झालं तेव्हा चावीच्या घड्याळांनी भरलेले दोन पत्र्याचे डबे घरी आले. बहुतेक एचएमटीचीच. जनता, पायलट, कोहिनूर, सोना. बाबांनी वर्षानुवर्षं सुट्या भागांसाठी घेऊन ठेवलेली. आता ते एकेक घड्याळ उघडून साफ करतात, तेल देतात, चार दिवस चालवून वेळ बघतात आणि मग मी फोटो काढून लिलावाला लावते. आठ महिन्यांत ५३ लावली. ४२ जणांचे पैसे आले, कुणाचे लगेच, कुणाचे मागून मागून. ११ जणांनी बोली जिंकली आणि एक रुपयाही दिला नाही.

ॲपचा नियम असा आहे की जिंकणाऱ्याने ४८ तासांत पैसे भरायचे. नाही भरले तर आपण तक्रार नोंदवायची, मग आणखी दोन दिवस थांबायचं. त्यानंतर ॲपने घेतलेली फी परत मिळते, पण लिलाव वर दाखवण्यासाठी भरलेले ५० रुपये गेले ते गेलेच. पैसे बुडवणाऱ्याच्या नावावर एक ठपका लागतो आणि तीन ठपके झाले की खातं बंद. ऐकायला बरं वाटतं. माझ्याकडच्या एकाचं खातं असं बंद झालं आणि आठवड्याभरात तो दुसऱ्या मोबाइल नंबरवरून माझ्याच जनतावर बोली लावून बसला. जिंकल्यावर घरचा पत्ता दिसला तेव्हा ओळखलं, विंग आणि खोली नंबरसकट तोच.

पण सगळे सारखे नसतात, हे मला तीन-चार महिन्यांनी उमगलं. नांदेडच्या एका मुलाने जिंकल्यावर तासाभरात लिहिलं, "ताई, पगार एक तारखेला होतो, तोवर थांबाल का?" थांबले. एक तारखेला सकाळी नऊच्या आत पैसे आले. जो स्वतःहून अडचण सांगतो त्याच्यावर मी कधीच तक्रार टाकत नाही. जो "आज रात्री करतो" म्हणतो आणि मग मेसेज वाचूनही गप्प बसतो, त्याचे पैसे मला आजवर एकदाही आलेले नाहीत.

सगळ्यात जास्त जीवाला लागलं ते एका पायलटचं. काळी डायल, १७ ज्वेल्स (मशीनमधले खडे), काटे मूळचे, रेडियमसारखा तो हिरवट रंगही जागच्या जागी. बोली ४,२०० वर थांबली. जिंकणारा दोन दिवस "करतो, करतो" म्हणत राहिला, मग फोन बंद. अशा वेळी ॲप एक बटण देतं, दुसऱ्या नंबरच्या बोलीदाराला त्याच्याच बोलीला वस्तू देऊ करायचं. त्याची बोली ४,१०० होती. मी बटण दाबलं. तो माणूस साताऱ्याचा, निवृत्त शिक्षक. त्यांचं उत्तर आलं, "ताई, राग मानू नका, पण वरची बोली लावणारा तुमच्याच घरातला नव्हता ना?"

रात्रभर झोप नाही लागली. बाबांनी चाळीस वर्षं एकाच गल्लीत धंदा केला, कुणी असं विचारायची वेळ आली नाही. पण सकाळी शांतपणे सगळ्या बोल्या पुन्हा पाहिल्या आणि गुरुजींचं म्हणणं पटलं. तिसऱ्या नंबरची बोली २,६०० होती. २,६०० पासून ४,१०० पर्यंत ते एकटे त्या पळपुट्याशी झुंजत होते. तो नसता तर घड्याळ त्यांना २,७०० ला मिळालं असतं. म्हणजे ४,१०० ही त्यांची बोली खरी, पण ती चढवली बुडव्याने. मी २,७०० ला दिलं आणि का दिलं तेही लिहून पाठवलं. बाबा आधी रागावले, १,४०० रुपये म्हणजे थोडे नाहीत. मग स्वतःच म्हणाले, "काच बदलून दे, थोडी घासलेली आहे." तेव्हापासून दुसऱ्या बोलीदाराला मी तिसऱ्याच्या वर एक पायरी एवढाच भाव सांगते. ॲपने हे आपोआप करायला हवं.

गुरुजींची शंका हवेतली नव्हती. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम ६४ लिलावाबद्दल आहे. विकणाऱ्याने गुपचूप स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावली, तर घेणारा ती विक्री फसवणूक मानू शकतो. त्याच कायद्याच्या कलम ५४ चा मला रोज उपयोग होतो. पैसे न मिळालेला विक्रेता आधी कळवून, वाजवी वेळ देऊन, माल दुसऱ्याला विकू शकतो आणि तुटीची भरपाईही मागू शकतो. दीड हजारासाठी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात कोण जाणार? पण "अमुक तारखेपर्यंत पैसे न आल्यास घड्याळ दुसऱ्याला देत आहे" एवढी एक ओळ मी प्रत्येकाला ॲपवरच लिहून ठेवते. नंतर भांडायला आलेला माणूस ती वाचून परत जातो.

काही गोष्टी करून बघितल्या आणि फरक पडला. पूर्वी लिलाव रविवारी रात्री अकराला संपायचा, आता आठला संपवते आणि अर्ध्या तासात जिंकणाऱ्याला मेसेज करते, कारण सकाळपर्यंत जोश उतरतो. एक रुपयापासून बोली सुरू करणं सोडलं. आणि मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो टाकायला लागले. परदेशातले संग्राहक रंगवलेल्या डायलच्या, इकडचे तिकडचे भाग जोडलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि पत्ता मुंबईचा दिसला की आपल्याकडचेही बिचकतात. "डायल नवी वाटतेय" म्हणून मागे फिरणारे त्या फोटोनंतर थांबले.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणून पार्सल बांधू नका. मला एक खोटा आला होता, बँकेत काहीच जमा नव्हतं. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन करा.

बाबा दुकानात इसार घेतल्याशिवाय घड्याळ बाजूला ठेवायचे नाहीत. आयपीओच्या, म्हणजे कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते तेव्हाच्या, अर्जाला २०१९ पासून यूपीआयवर रक्कम आपल्याच खात्यात अडकवून ठेवता येते, शेअर नाही मिळाले तर मोकळी होते. बोलीच्या दहा टक्के रक्कम तशीच अडकवा, असं मी ॲपला तीनदा लिहिलंय. ती सोय आली की उरलेले दोन तारे त्याच दिवशी देईन.