शंटिंगला कोणतं डिझेल: मेकॅनिकल की इलेक्ट्रिक?

दोन्हींत डिझेल इंजिनच, मग निवडायचं काय, असं एका मित्राने विचारलं. शंटिंग म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणं, जोडणं-सोडणं. त्यासाठीची ब्रिटिश रेल्वेची दोन इंजिनं बघा.

क्लास ०३ मेकॅनिकल, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरमधून चाकांना जाते. २०४ अश्वशक्ती, पाच गिअर, वजन जेमतेम ३० टन, त्यामुळे हलक्या रुळांवरही चालतं. चाकांपर्यंत जाताना ताकद कमी वाया जाते. पण गिअर बदलताना ओढ क्षणभर ढिली पडते, जड रेकला, म्हणजे डब्यांच्या लांब माळेला, नेमकं तेच नडतं.

क्लास ०८ इलेक्ट्रिक, ३५० अश्वशक्ती. इंजिन जनरेटर फिरवतं, वीज मोटरींना जाते. मोटर सगळ्यात जास्त जोर लावते ती अगदी सुटतानाच, आणि मध्ये गिअर बदलणं नाही. मला हेच निर्णायक वाटतं. वजन मात्र ५० टनांच्या आसपास, जनरेटर-मोटरींचा खर्चही वाढीव.

छोट्या फाट्यावर चार-सहा डबे हलवायला ०३ पुरे. मोठ्या यार्डात दिवसरात्र राबायला ०८च घ्यावं.