डर्बीचं अवे तिकीट, नाशिकहून: काय मिळतं आणि काय द्यावं लागतं

मँचेस्टर किंवा मर्सीसाइड डर्बीचं (एकाच शहरातल्या किंवा भागातल्या दोन फुटबॉल क्लबांच्या सामन्याचं) पॅकेज 'अवे सीट गॅरंटीड', म्हणजे पाहुण्या संघाच्या चाहत्यांमधली जागा नक्की, म्हणून नाशिकमध्ये कुणी विकत असेल, तर किमतीआधी एकच गोष्ट विचारा: तिकीट कुणाच्या नावावर येणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथूनच परत फिरा.

अवे जागांचं गणित उघड आहे. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेच्या नियमाप्रमाणे यजमान क्लबला पाहुण्यांसाठी ३,००० तिकिटांची सोय करावी लागते. स्टेडियम ३०,००० पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानात साठ हजारांहून जास्त माणसं बसतात, पण नियमाने बांधलेला आकडा ३,००० चाच. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत हा वाटा १५ टक्क्यांपर्यंत जातो, युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत ५ टक्के असतो. शिवाय २०१६-१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगच्या अवे तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे आपले साधारण साडेतीन हजार रुपये. इतकं स्वस्त आणि इतकं मोजकं तिकीट खुल्या विक्रीपर्यंत पोचतच नाही. आधीच्या किती अवे सामन्यांना हजेरी लावली, त्या क्रमाने बहुतेक क्लब ते वाटतात. यंदा फी भरून सभासद झालेल्या नाशिककराचा नंबर डर्बीला लागत नाही.

म्हणजे 'गॅरंटीड' जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सभासदत्वावरची असते. तिकीट आता सहसा कागदावर नसतं, मोबाइलच्या वॉलेटमधला पास असतो. एजंट एकतर कुणाचं तरी लॉगिन देतो किंवा सामन्याच्या दिवशी गेटजवळ चक्क एक फोन हातात ठेवतो. क्लबांनाही हे माहीत आहे. काही क्लब अवे तिकीट लागलेल्यांपैकी थोडे सभासद निवडतात आणि फोटो ओळखपत्र दाखवून स्टेडियमवर तिकीट घ्यायला सांगतात. तसं झालं तर मूळ सभासदाचं कार्ड रद्द होऊ शकतं आणि तुम्ही बाहेर थंडीत उभे राहता. इंग्लंड-वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे 'पैसे परत' कुणाकडे मागणार?

अधिकृत हॉस्पिटॅलिटी पॅकेज (खाण्यापिण्याच्या सोयीसह जागा) महाग असलं तरी ते खरं असतं. फक्त जागा यजमानांच्या बाजूला मिळते. पाहुण्या संघाचा शर्ट किंवा मफलर घालून तिथे बसलात, गोल झाल्यावर उभे राहून ओरडलात, तर स्टेडियमचे कर्मचारी बाहेर काढतात आणि त्यात त्यांची चूक नाही. शर्ट बॅगेत राहू द्या. नाशिकच्या टूरवाल्याकडून घ्यायचंच असेल तर हेच घ्या. तो क्लबचा अधिकृत विक्रेता आहे का, हे क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या यादीत बघा, त्याच्या माहितीपत्रकात नको.

आता फॉर्म. या सेवेत सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे. पासपोर्टची सगळी पानं, आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फोटो, आणि हे सगळं 'व्हॉट्सॲप करून टाका' म्हणून. यातलं काय कशासाठी लागतं, ते वेगळं काढलं पाहिजे. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (विक्रेत्याने किमतीसोबत वसूल करायचा आयकर) घेतला जातो, म्हणून पॅन मागणं योग्य. बँक स्टेटमेंट व्हिसाच्या अर्जाला लागतं, तिकिटाला नाही, आणि व्हिसाचा अर्ज तुम्ही स्वतः भरत असाल तर ते एजंटकडे जायचं कारणच नाही. तिकिटाला नाव, जन्मतारीख, ईमेल, फोन नंबर, आणि काही देशांत पासपोर्ट क्रमांक पुरतो. परदेशातल्या सामन्याला आधारचं काडीचंही काम नाही. व्हॉट्सॲपवर गेलेले कागदपत्रांचे फोटो बहुतेकदा समोरच्याच्या गॅलरीत आपोआप उतरतात, तिथून त्याच्या बॅकअपमध्ये जातात. मागाहून 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबून त्या प्रती पुसल्या गेल्या असं धरून चालू नका.

इटलीत माहिती मागण्याला निदान स्पष्ट कारण आहे. तिथे तिकीट नावावर असतं आणि गेटवर ओळखपत्राशी ताडलं जातं. मिलान डर्बीत तर इंटर आणि एसी मिलान या दोन्ही क्लबांचं मैदान सान सिरोच, त्यामुळे अवे म्हणजे समोरचा स्टँड: इंटरवाल्यांचा उत्तरेचा, मिलानवाल्यांचा दक्षिणेचा. इथे मराठी माणसाची नेमकी अडचण होते ती नावाची. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकीट काढताना आपण सवयीने नाव आणि आडनाव एवढंच टाकतो. जन्मगावाचा रकाना असेल तर आणखी एक खड्डा: पासपोर्टवर 'नाशिक'चं स्पेलिंग एच घालून आहे की रेल्वेच्या जुन्या पाटीसारखं एचशिवाय, ते बघून अक्षर न् अक्षर तसंच टाका. चूक झाली तर नाव बदलण्याची सोय सामन्याच्या आधी ठरावीक मुदतीपर्यंत असते, तीही प्रत्येक तिकिटाला नसते. पैसे भरण्याआधी पासपोर्ट शेजारी ठेवून फॉर्म भरणं हाच उपाय.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं उदाहरण जागांच्या बाबतीत शिकण्यासारखं आहे. रेंजर्स-सेल्टिक सामन्यात पूर्वी पाहुण्यांना सात हजारांच्या वर जागा मिळायच्या. २०१८ मध्ये त्या आठशेच्या आसपास आल्या, नंतर काही सामने पाहुण्यांविनाच झाले, आणि पुढे ५ टक्क्यांवर तडजोड झाली. म्हणून अवे वाटा हंगामागणिक तपासावा लागतो, गेल्या वर्षीचा आकडा धरून विमानाचं तिकीट काढू नये. अर्जेंटिनात २०१३ मध्ये पाहुण्या प्रेक्षकांवर बंदी आली आणि २०२५ मध्ये ती मोजक्याच सामन्यांपुरती सैल झाली, त्यामुळे बोका-रिव्हर या तिथल्या सर्वांत गाजलेल्या डर्बीचं 'अवे' पॅकेज कुणी दाखवलं तर पुढे ऐकूच नका.

राहिली आपल्या देशातली डर्बी. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडल्यावर मुंबई-पुणे सामना गेला, आणि खऱ्या अर्थाने डर्बी बघायची तर कोलकात्याची मोहन बागान-ईस्ट बंगालच. नाशिकरोडहून हावडा मेल, साधारण सव्वा दिवसाचा प्रवास. सॉल्ट लेक स्टेडियम हे दोघांचंही मैदान असल्याने तिकीटविक्री त्या सामन्याच्या यजमानाकडे असते. आपला ब्लॉक कोणत्या गेटचा, हे तिकिटावर नीट वाचा, कारण दोन्ही बाजूंचे रस्ते वेगळे असतात. ही विभागणी जाचक वाटली तरी हवीच. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर याच सामन्यात १६ प्रेक्षकांचा जीव गेला होता. ऑनलाइन तिकीट काढलं तरी कागदी तिकीट क्लबच्या तंबूतून (कोलकात्यात क्लबच्या कार्यालयाला तंबू म्हणतात) किंवा स्टेडियमच्या खिडकीवरून घ्यायला लावतात का, हे आधी पाहा. तसं असेल तर सामन्याच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी धोक्याची, आदल्या दिवशी पोचा. आणि परतीचं आरक्षण रद्द करता येईल असंच ठेवा. ऑगस्ट २०२४ मधला ड्युरंड कपचा सामना सुरक्षेच्या कारणाने रद्द झाला. ११ जानेवारी २०२५ चा आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) सामना गुवाहाटीला हलवला गेला, कारण गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे पोलीस अपुरे पडत होते. सिंहस्थात पोलीस कुठून कुठून आणावे लागतात हे पाहिलेल्या नाशिककराला हे वेगळं समजावायला नको.

या तिकिटासाठी किंवा हॉटेलसाठी ओळखपत्र द्यावं लागलं तर मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या माय आधार पोर्टलवर लॉगिन करून डाउनलोडच्या पानावर 'मास्क्ड'चा पर्याय निवडा. पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चारच दिसतात. मात्र त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. एजंटकडे ही दोन्ही आधीच असतात, त्यामुळे पासवर्डवर विसंबून न झाकलेली फाइल पाठवू नका. झेरॉक्स द्यायची असेल तर तिच्यावरच, फोटो किंवा क्रमांक न झाकता पण मजकुरावरून तिरकं, पेनाने लिहा: कुठल्या सामन्यासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे हे दोन मिनिटांचं काम आहे. पेनड्राइव्ह किंवा ईमेलवरून प्रिंट काढली असेल तर त्याच्या संगणकातली फाइल समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रीसायकल बिनसुद्धा.

तिकिटाच्या ॲपला लोकेशन, मायक्रोफोन आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी देऊ नका, पास उघडायला सहसा यातलं काही लागत नाही. स्पेनच्या ला लीगाने सामन्याचं बेकायदा प्रक्षेपण पकडण्यासाठी ॲपमधून फोनचा माइक वापरला, तेव्हा तिथल्या माहितीसंरक्षण संस्थेने २०१९ मध्ये अडीच लाख युरोंचा दंड ठोठावला होता.

सामना झाल्यावर माहिती पुसायला सांगा. इंग्लिश क्लबला मेल करताना तुम्ही भारतात राहता याने फरक पडत नाही. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारलं, की साधारणपणे एका महिन्यात उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर टूरवाल्याशी लेखीच बोला. पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्याकडून एका ओळीचा मेल घ्या: कोणती कागदपत्रं घेतली, कोणाला पुढे पाठवली, परत आल्यावर किती दिवसांत पुसणार. मुलांना नेत असाल तर त्यांच्या कागदांसाठी हीच ओळ वेगळी मागा. जो हा मेल द्यायला तयार होत नाही, त्याच्याकडे नाव नोंदवू नका.