सात महिने ‘चरबी’ काढून: जुन्या इंटेल मॅकबुकवर नको तो कोड छाटण्याचा अनुभव

नौपाड्यात माझं छोटं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि पाऊस सरत आला की दिवाळी अंकांची पानं. यंत्र २०१७ चं मॅकबुक एअर, ८ जीबी रॅम, १२८ ची एसएसडी (दाखवते १२१). मॅकओएस मॉन्टेरेच्या पुढे ते सरकत नाही, आणि मलाही त्याला सरकवायचं नाही. फॉन्ट बसलेत, प्रिंटर बसलाय, बस्स.

गणपती उठले आणि एका अंकाची पीडीएफ काढताना डिस्क भरत आल्याचा इशारा आला. ५.८ जीबी शिल्लक. फोटो, जुने जॉब सगळं आधीच बाहेरच्या डिस्कवर हलवलेलं. मग ॲप्सच्या फोल्डरमध्ये शिरलो. एकेकावर ‘गेट इन्फो’ केलं की प्रकारापुढे ‘युनिव्हर्सल’ दिसायचं. म्हणजे काय, तर नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपची मॅक आली, तेव्हापासून बरेच जण एकाच फाइलमध्ये इंटेलचा कोड आणि ॲपलच्या चिपचा कोड शेजारी शेजारी भरून देतात. आमच्या धंद्यातली द्विभाषिक पत्रिका म्हणा: एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, वाचणारा एकच बाजू वाचतो. पण कागद दोन्ही बाजूंचा.

हे पहिल्यांदा होत नाहीये. २००६ मध्ये मॅकमधल्या पॉवरपीसी या जुन्या चिपा जाऊन इंटेल आलं तेव्हाही असेच जोड-कोडवाले ॲप्स होते, आणि नव्या इंटेल मॅकवाले पॉवरपीसीचा भाग छाटून टाकायचे. तेव्हा नवं यंत्र जुन्याचं ओझं फेकत होतं. आता माझं जुनं यंत्र नव्याचं ओझं फेकतंय, एवढाच फरक.

छाटायला तयार टूल्स मिळतात, पण सगळ्या डिस्कवर एकदम हात फिरवणाऱ्या बटणाची मला धास्ती वाटते. मी टर्मिनलमधली (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘डिट्टो’ ही आज्ञा वापरली. ती मॅकमध्ये असतेच. कॉपी करताना ‘आर्च’ हा पर्याय देऊन फक्त इंटेलचा भाग घे म्हणून सांगायचं, की पातळ प्रत वेगळी तयार होते आणि मूळ ॲप जिथल्या तिथे राहतं. दुसरी ‘लिपो’; लिपो म्हणजे चरबी, नावातच आहे. तिला विचारलं की फाइलमध्ये कुठकुठल्या प्रोसेसरचा कोड आहे ते ती सांगते. मात्र तिच्यासाठी ॲपलची कमांड लाइन टूल्स टाकावी लागतात आणि तीच गिगाबाइटच्या वर जागा खातात. जागा वाचवायला आधी जागा द्या! काम झाल्यावर मी ती काढून टाकली.

हिशोब वहीत ठेवला: तारीख, ॲप, आधी, नंतर. १९ ॲप्स छाटले, ३.९ जीबी निघाले. पण ते सगळीकडून सारखे निघाले नाहीत. एक चॅटचं ॲप ४८० एमबीवरून २६० वर आलं, कारण त्याच्या पोटात अख्खा ब्राउझर बसलेला असतो आणि तो सगळा कोडच. उलट नोट्सचं एक ॲप ६२ वरून ४९. त्याचं वजन चित्रांत आणि निरनिराळ्या भाषांच्या फोल्डरांत होतं, त्याला डिट्टो हात लावत नाही. ॲपलचे स्वतःचे ॲप्स तर सोडूनच द्या. मॅकओएसच्या बिग सर आवृत्तीपासून सिस्टिमचा भाग मोहोरबंद असतो, तिथे सुरी चालत नाही. लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी यांच्या इंटेलसाठी वेगळ्या आवृत्त्या मिळतात. अशा ठिकाणी छाटत बसण्यापेक्षा योग्य फाइल उतरवून घेणं शहाणपणाचं, हे मला चौदाव्या ॲपनंतर कळलं.

वेग वाढला का? नाही. हे ठळक सांगतो, कारण दुकानात येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. ॲप उघडताना सिस्टिम आपल्या प्रोसेसरचा भागच उचलते. दुसरा भाग डिस्कवर पडून असतो, रॅममध्ये येतच नाही. पंखा आधी जितका ओरडायचा तितकाच ओरडतो.

पहिल्या दिवशी तर जागाही वाढलेली दिसेना. सहा ॲप्सच्या मूळ प्रती कचऱ्यात टाकल्या, कचरा रिकामा केला, आकडा जिथल्या तिथे. घोटाळा टाइम मशीनच्या, म्हणजे मॅकच्या बॅकअपच्या, डिस्कवरच ठेवलेल्या स्नॅपशॉट्सचा होता. जुन्या फाइल्स ते धरून बसतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा घेऊन बघतो तर जागा मोकळी झालेली.

एका ॲपने मात्र दणका दिला. नाव नको, पण पैसे मोजून घेतलेलं आहे. छाटल्यावर उघडेचना. प्रत्येक प्रोसेसरच्या भागाची डिजिटल सही वेगळी असते, म्हणून मुख्य फाइल बहुधा तगून जाते. पण याने रिसोर्सेसमध्ये एक मदतनीस प्रोग्राम ठेवलेला, आणि तिथल्या अख्ख्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, सहीत नोंदवलेला असतो. फाइल पातळ झाली की हॅश जुळत नाही. मी मूळ प्रत आठवडाभर राखून ठेवतो म्हणून वाचलो. ज्याची मूळ फाइल पुन्हा उतरवता येणार नाही त्याला मी आता हात लावत नाही. आणखी एका ॲपने छाटल्यानंतर कीचेनचा (मॅकची पासवर्डांची तिजोरी) पासवर्ड पुन्हा मागितला. एकदा दिला, गप्प बसलं.

डिसेंबरात पुतणीने गंमत केली. ती ऐरोलीला आयटी पार्कात नोकरीला आहे, तिने एम२ एअर घेतलं. माझ्याकडून एक ॲप एअरड्रॉपने घेऊन गेली आणि रात्री फोन: “काका, हे रोझेटा टाकू का विचारतंय, तुम्ही मला जुनं काहीतरी दिलंत.” मी तिला पातळ प्रत दिलेली! तिच्या चिपचा कोड मीच कापून टाकलेला, त्यामुळे तिचं नवंकोरं यंत्र रोझेटा या ॲपलच्या दुभाष्याकरवी इंटेलचा कोड भाषांतर करून चालवायला निघालं होतं. म्हणजे नवं मॅक घेऊन जुन्यातलं सगळं तिकडे ओढणार असाल, तर हे छाटलेले ॲप्स तिथे पुन्हा उतरवा.

खरी कटकट अपडेटची. प्रत्येक अपडेट दोन्ही कोड घेऊन परत येतं. शिवाय फक्त बदललेला तुकडा उतरवणारे अपडेट छाटलेल्या फाइलवर बसत नाहीत, मग अख्खं ॲप डाउनलोड होतं. आमच्याकडे नेट धड असतं म्हणून चाललं, मोबाइलच्या डेटावर असतो तर वैतागलो असतो. आजच्या घडीला ३.९ पैकी २.६ जीबी हातात आहेत.

दोनशे-तीनशे एमबी वाचतील असे चार-पाच मोठे ॲप्स सोडले तर बाकीचे मी आता छाटत नाही. या मॉडेलची एसएसडी बदलता येते, अडॅप्टर लावून बाजारात मिळणारी साधी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी बसते. लॅमिंग्टन रोडला जाऊन चौकशी केली आहे. पैसे मे महिन्यातल्या पत्रिका गेल्यावर. तोवर चॅटचं ते ॲप काल पुन्हा ४८० झालंय, आणि वहीत नवी ओळ लिहून ठेवली आहे.