शेवटच्या दिवसांची सेवा करणाऱ्यांसाठी ऑनलाइन बैठक, नागपूर: ५ पैकी ४ स्टार

मी घरोघरी जाऊन कॅन्सर पेशंट बघणाऱ्या पॅलिएटिव्ह टीममधे नर्स आहे, म्हणजे डॉक्टर जिथे सांगतात की आता बरं होणं नाही तिथून पुढे आमचं काम. अशा कामाचं मनावरचं ओझं बोलून हलकं करायची ही बैठक धंतोलीतल्या एका काउन्सेलर मॅडमनी एप्रिल २०२१ मधे सुरू केली, कोरोनाची दुसरी लाट नागपुरात जोरात होती तेव्हा. तेव्हा दर शनिवारी रात्री ९ ला व्हिडिओ कॉल असायचा, फी नाही. नर्स, ब्रदर (पुरुष नर्स), वॉर्डातल्या मावशी, अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळे येतात. जॉइन होऊ का असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथं कोणी पॉझिटिव्ह राहा, प्राणायाम करा असं सांगत नाही. तेव्हा आम्हाला कोरोना योद्धे म्हणायचे, पण मेडिकल-मेयो या नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलांत बेड नाही, ऑक्सिजनसाठी पळापळ, आणि ज्या पेशंटला आपण इतके महिने ओळखतो तो कोरोना पॉझिटिव्ह निघाला की त्याच्या बायकोलाही शेवटी जवळ बसता येत नव्हतं, हे बोलायचं कोणाजवळ? घरी सांगितलं की घरचे म्हणत नोकरी सोड. बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "मले झोपच नाही येत ताई, त्या आजीचा हात धरला होता पण ग्लोव्हज घालून, तिले समजलं असन का कोणी जवळ हाय?" थोडा वेळ कोणीच बोललं नाही, मग दुसऱ्या हॉस्पिटलचे एक ब्रदर म्हणाले की मावशी हात दाबून धरायचा आणि कानाजवळ जाऊन नाव घेऊन बोलायचं, डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असू शकते, मी तसंच करतो. हे पुस्तकी कोणी सांगितलं असतं तर मावशींना पटलं नसतं, त्यांच्यासारखंच काम करणाऱ्यानं सांगितलं म्हणून पटलं.

फोनवर वाईट बातमी कशी द्यायची याची प्रॅक्टिसपण घेतली, आणि माझ्या मते हे प्रत्येक वॉर्डात शिकवलं पाहिजे. आधी विचारायचं की तुम्ही गाडी तर चालवत नाही ना, सोबत कोणी आहे का. मग त्यांना काय माहीत आहे ते ऐकायचं. आणि मग साध्या शब्दांत "ते गेले" म्हणायचं, सिरीयस आहे सिरीयस आहे म्हणून ताणायचं नाही, आणि सांगून झालं की लगेच बॉडीचे कागद न काढता थोडं थांबायचं. पीपीई किटमधे आपला चेहरा दिसत नाही तर किटवर मार्करनं आपलं नाव मोठ्ठं लिहायचं, हेही इथलंच.

आता कमी काय ते. मोफतवालं अॅप असल्यानं कॉल ४० मिनिटांनी कटते, आणि कोणी रडत असताना कट झाला तर फार वाईट वाटते, आता दुसरी लिंक आधीच ग्रुपवर टाकतात पण तोवर काही जणी निघून जातात. नाइट ड्युटीवाल्यांना ९ ची वेळ जमतच नाही. मोठे डॉक्टर हजर असले की मावशी गप्प बसायच्या, ते मात्र मॅडमनी लवकर ओळखलं आणि डॉक्टरांची बैठक वेगळी केली.

एक स्टार यासाठी कापला की हे सगळं आम्ही आपल्या सुट्टीच्या वेळात करतो. हॉस्पिटलनं ड्युटीच्या तासांतच अर्धा तास दिला पाहिजे, जसा ड्युटी बदलताना हँडओव्हरला देतात तसा. मॅडमच्या हातात ते नाही हे समजते, तरी लिहिते, कारण दुसऱ्या लाटेनंतर कितीतरी चांगल्या सिस्टर हे काम सोडून गेल्या आणि त्यांच्याशी कोणी बसून बोललंच नव्हतं.

आता बैठक महिन्यातून एकदा असते. मधेच रात्री-बेरात्री फार जड झालं तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आधाराची हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. बैठकीत रेकॉर्डिंग होत नाही. कॅमेरा बंद ठेवा, पहिल्यांदा नुसतं ऐका, कोणी काही म्हणत नाही.