परदेशी नोकरीसाठी दाखला: पोलिसांचा की पासपोर्ट ऑफिसचा?

खेडच्या भाच्याला मस्कतची नोकरी लागलीय, दाखला कुठून काढू विचारतोय. जिल्हा पोलिसांचा चारित्र्य दाखला जवळ मिळतो, पण परदेशासाठी त्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन लागतं. म्हणजे मुंबईची खेप आलीच. पासपोर्ट ऑफिसच्या पीसीसीला (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे गुन्हा नसल्याचा दाखला) ५०० रुपये फी. चौकशी शेवटी आपल्याच ठाण्याची, पण हा दाखला थेट परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो (तोही नेमलेल्या एजन्सीमार्फत, स्वतः नेऊन चालत नाही). ओमान, बहरीनला ५० रुपयांचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा मंत्रालयाचा शिक्का) पुरतं, एजन्सीचे पैसे वेगळे. कुवेत, कतारला मंत्रालयाच्या साक्षांकनावर दूतावासाचा शिक्काही हवा. एजंटांच्या ‘दोन दिवसांत काम’वर जाऊ नका. आखातात जायचं तर पासपोर्ट ऑफिसच. लोटे एमआयडीसीत चिकटायचं असेल तर पोलिसांचा पुरे.